फळी का वाकते: घरी जोडायच्या बुकशेल्फचं आयुष्य

(दृश्य: भिंतीला टेकवलेला सपाट खोका, शेजारी स्क्रूची पुडी आणि षटकोनी पाना.)

सपाट खोक्यात घरी येणारं, आपलं आपण जोडायचं स्वस्तातलं बुकशेल्फ किती वर्षं टिकतं असं विचारलं की उत्तरं अगदी दोन टोकांची येतात. कुणी म्हणतं दोन वर्षांत फळ्या वाकल्या, शेवटी टाकूनच दिलं. आणि कुणाकडे अगदी तसंच शेल्फ वीस वर्षं त्याच भिंतीला उभं असतं आणि अजून सरळ असतं. दोघंही खरंच बोलत असतात. माल एकच आहे, पण त्याच्यावर काय ठेवलं, ते कितीदा हलवलं आणि त्याच्या पायाशी किती पाणी गेलं यावर सगळं ठरतं, आणि ते नीट कळायचं तर आधी फळी कापून आत बघायला हवं.

(दृश्य: करवतीनं कापलेली फळी, कडेचा क्लोजअप.)

हे बघा, वरून लाकडासारखं दिसतं पण आत पार्टिकल बोर्ड आहे. म्हणजे लाकडाच्या चिप्स आणि भुसा, त्यात रेझिन, म्हणजे चिकटवणारं रसायन, मिसळायचं, बहुतेक वेळा युरिया फॉर्मल्डिहाइडचं, आणि गरम प्रेसखाली दाबून त्याची फळी करायची. लाकडाची नासाडी खूप व्हायची म्हणून १९३० च्या दशकात जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी हे काम पुढे नेलं, आणि मला ही कल्पना आजही फार आवडते, कारण जे जाळून टाकलं असतं त्यातून फळी उभी राहिली. आता नीट बघितलंत तर दिसेल की वरच्या-खालच्या थरात बारीक, घट्ट दाबलेला भुसा आहे आणि मधे जाड, सैलसर चिप्स. हे लक्षात ठेवा, कारण कडेतून जो स्क्रू घालतात तो नेमका त्या मधल्या सैल भागात जातो.

सामान सुटं करून पाठवायचं ही युक्ती मात्र याहून कितीतरी जुनी. थोनेट या फर्निचर कंपनीची १९ व्या शतकातली १४ नंबरची खुर्ची सुटी करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ मावायच्या. आणि बुकशेल्फ म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचं बिली, गिलिस लुंडग्रेन यांनी डिझाइन केलेलं, १९७९ मध्ये बाजारात आलं आणि आजवर दहा कोटींहून जास्त विकलं गेलंय. त्याची नेहमीची साइज ८० सेंटिमीटर रुंद, २८ खोल आणि २०२ उंच. ही ८० सेंटिमीटरची रुंदी बऱ्याच कंपन्यांच्या शेल्फांत दिसते, आणि फळीचं खरं दुखणं तिथंच आहे.

(दृश्य: फळीखाली धरलेली सरळ पट्टी, मधे दिसणारी फट.)

वजनाचं गणित जरा बघूया. कागद भलता जड असतो. त्या शेल्फमधली आडवी फळी साधारण ७६ सेंटिमीटर भरते, तिच्यावर नेहमीच्या साइजच्या पेपरबॅक कादंबऱ्या उभ्या लावल्या तर अंदाजे १५ किलो होतात. पण त्याच फळीवर चित्रांची मोठी, गुळगुळीत कागदाची हार्डबाउंड पुस्तकं किंवा कोशाचे खंड ठेवले की वजन ४० किलोच्या पुढे सहज जातं, आणि अशा फळीला कंपनीनं दिलेली मर्यादा असते ३० किलोच्या आसपास. म्हणजे दोघांनी एकच शेल्फ घेतलं, दोघांनीही ते पुस्तकांनीच भरलं, पण एकाची फळी मर्यादेच्या निम्म्यावर आणि दुसऱ्याची मर्यादा ओलांडून गेलेली. वापर सारखाच दिसतो पण सारखा नाहीये.

आता वाकण्याचं बघा. फळीची लांबी अर्धी केली आणि तीही तशाच पुस्तकांनी गच्च भरली तर वाक निम्मा होईल असं वाटतं ना, पण तसं नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. कारण सगळी फळी सारखी भरलेली असली की वाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. आणि जाडीचं उलट, ती तिसऱ्या घातानं कामाला येते, म्हणजे १८ मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरची फळी असेल तर तेवढ्याच वजनाला ती अडीच पटीहूनही जास्त ताठ राहते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दुकानात शेल्फ बघताना रंग, फिनिश सगळं नंतर, आधी टेप काढा आणि दोन आधारांमधलं अंतर मोजा. ४० सेंटिमीटरची अरुंद दोन शेल्फं शेजारी शेजारी उभी केलीत तर पुस्तकं जवळपास तेवढीच मावतात, आणि फळ्या वाकल्यात हे डोळ्याला कळतसुद्धा नाही.

पण खरी गंमत वेळेची आहे. पूर्ण भरलेली १८ मिलिमीटरची लांब फळी पहिल्याच दिवशी मधे चार-पाच मिलिमीटर खाली जाते, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वजन तसंच राहिलं की ती पुढे हळूहळू वाकतच जाते, महिनोन् महिने, कारण चिप्स आणि रेझिन सततच्या भाराखाली सरकत राहतात. इंजिनिअर याला क्रीप म्हणतात. हा प्रकार अखंड लाकडातही होतो, प्लायवूडमध्येही होतो, पण पार्टिकल बोर्डात जास्त, आणि हवा दमट-कोरडी दमट-कोरडी होत राहिली की आणखी जास्त. सुरुवातीचा वाक कालांतरानं दुप्पट होणं यात काहीच नवल नाही. आणि पुस्तकं काढून घेतली तरी फळी पूर्ण सरळ होत नाही, काही वाक कायमचा राहतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. फळी सुटी असेल, नुसती पिनांवर ठेवलेली, तर वर्षा-दोन वर्षांनी ती पलटी करायची, पोट वर. तेच वजन तिला परत सरळ दाबतं. आणि जड पुस्तकं फळीच्या दोन्ही टोकांना, बाजूच्या पाट्यांजवळ ठेवायची, हलकी मधे. सगळ्यात जड ओळ तळाला. फळीच्या पुढच्या कडेखाली अखंड लाकडाची उभी पट्टी गोंद आणि स्क्रूनं बसवली तर वाकणं खूपच कमी होतं, कुठलाही सुतार अर्ध्या तासात करून देईल.

(दृश्य: शेल्फची मागची बाजू, पातळ शीट, कडेनं बारीक खिळे.)

आता मागे जाऊया. ही तीन मिलिमीटरची पातळ शीट घडी घालून येते, लोकांना वाटतं ही नुसती भिंत झाकायला आहे, आणि जोडून जोडून कंटाळा आलेला असतो म्हणून खिळे चार-पाचच मारतात. अहो, अख्खं शेल्फ या शीटवर उभं असतं! ती काढली की काडेपेटीचं बाहेरचं कव्हर दाबल्यावर जसं तिरकं होतं तसं शेल्फ बाजूला कलतं. शीट ठोकायच्या आधी शेल्फ गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे का बघायचं, त्यासाठी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचं, मग दुसरं तिरकं माप, दोन्ही सारखी आली की मगच खिळे, आणि सूचनेत दाखवलेत तेवढे सगळे. शेल्फ हलतंय, डुलतंय अशी तक्रार असते तिथं नव्वद टक्के वेळा दोष या शीटचा निघतो असं मी आकडा देऊन म्हणणार नाही, पण बघायला सुरुवात इथूनच करा.

आणि भिंतीला क्लॅम्प लावाच. दोन मीटर उंच आणि २८ सेंटिमीटर खोल वस्तू, त्यात पोरं खालच्या फळीवर पाय देऊन वर चढायला बघतात. हा आधी जिवाचा प्रश्न आहे, टिकण्याचा नंतर, पण टिकण्याला पण फायदा होतोच, कारण डुलणं थांबलं की सांधे सैल होत नाहीत.

(दृश्य: कॅम लॉक फिरवणारा स्क्रूड्रायव्हर. मग त्याच्याभोवती फुटलेलं भोक.)

सांध्यांवरून आठवलं, या शेल्फांना वापरापेक्षा घर बदलणं जास्त महागात पडतं. तो गोल कॅम, म्हणजे फिरवला की बोल्ट ओढून धरणारी चकती, आत येणारा बोल्ट, बाजूची लाकडी खुंटी, हे सगळं एकदा जोडून तसंच राहावं म्हणून केलेलं असतं. एकदा सोडवून परत जोडलं तरी चालतं, पण पुढे दर वेळेला भोकाच्या कडेचा भुसा थोडा थोडा सुटत जातो आणि दोन-तीन शिफ्टिंगनंतर बोल्ट नुसताच फिरायला लागतो. भरलेलं शेल्फ फरशीवरून ओढलं तर आणखी वाईट, सांधेही जातात आणि मागचे खिळेही उपटतात. शक्य असेल तर शेल्फ न सोडवता, पुस्तकं काढून, दोघांनी उचलून न्यायचं. सोडवावंच लागलं तर परत जोडताना स्क्रू आधी उलटा फिरवा, एका जागी तो टक करून जुन्या आट्यांत बसतो, तिथून सुलटा आवळा, म्हणजे नवीन आटे कापले जात नाहीत. भोक मोठं झालंच असेल तर लाकडाचा गोंद आणि लाकडी काड्या ठोकून भरा, एक दिवस वाळू द्या, बारीक भोक पाडून परत स्क्रू लावा. छान धरतो. आणि मशीननं आवळू नका, हातानंच.

पाण्याचं मात्र लगेच सांगून टाकतो, तिथं दुरुस्ती नाहीच. पार्टिकल बोर्ड पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळल्यावर परत पूर्वीच्या जाडीला येत नाही. फरशी पुसताना ओला कपडा रोज त्याच कडेला लागतो, कडेची पट्टी सुटते, मग खालचे दोन इंच फुगून भुसभुशीत होतात. खाली प्लास्टिकचे पाय किंवा पट्ट्या घालून पाच मिलिमीटर वर उचललं तरी खूप. ओल येणाऱ्या भिंतीपासून थोडी फट ठेवा, नाहीतर मागची शीट सादळते.

(दृश्य: उभी पाटी खालून फुगलेली, शेजारी चार आडव्या फळ्या.)

तर कधी टाकायचं? नुसत्या वाकलेल्या फळीसाठी अख्खं शेल्फ टाकू नका, फळी पलटा किंवा बदला. पण उभी पाटी खालून फुगली असेल, किंवा कॅमच्या भोकाभोवतीचा बोर्ड फुटून निघाला असेल, तर ते पुस्तकांचं वजन धरणार नाही आणि त्याच्या खाली कुणाला झोपवूही नका. तरी आडव्या फळ्या त्यातून काढून घ्या. त्या मधोमध कापल्या, कापलेल्या कडेला पट्टी चिकटवून बंद केली, की ३८ सेंटिमीटरच्या अरुंद शेल्फला त्या बरीच वर्षं चालतात, कारण एवढ्या लांबीत पुस्तकांच्या वजनानं त्या जेमतेमच वाकतात.