कोंपनीची जागा भरायला मँचेस्टर सिटीला १६ महिने का लागले?

नमस्कार. तारीख १४ सप्टेंबर २०१९. इंग्लंडमधली फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा, प्रीमियर लीग, लागोपाठ दोनदा जिंकलेला मँचेस्टर सिटीचा संघ, नुकत्याच वरच्या लीगमध्ये आलेल्या नॉर्विचकडून ३-२ असा हरला. नॉर्विचचे ते तीन गोल आज आपण एकेक करून बघणार आहोत. असामान्य सेंटर बॅक, म्हणजे बचाव फळीच्या मधोमध खेळणारा बचावपटू, संघातून गेला की त्याच्याबरोबर काय काय जातं, हे त्यांत फार स्वच्छ दिसतं.

चारच महिन्यांपूर्वी सिटीचा कर्णधार आणि सेंटर बॅक व्हिन्सेंट कोंपनीने क्लब सोडला होता. वय ३३, सिटीत ११ हंगाम.

[स्क्रीनवर: मैदानाचा आराखडा, कॉर्नर]

पहिला गोल कॉर्नरवर, मॅक्लीनचं हेडर. गोलसमोर उंच आलेल्या चेंडूवर आधी कोणी उडी घ्यायची, हे प्रत्येक संघात ठरलेलं असतं. वर्षानुवर्षं एकच माणूस ते करत असेल, तर बाकीचे नकळत त्याच्या हिशोबाने उभे राहायला शिकतात. तो गेल्यावर फक्त त्याचीच जागा रिकामी होत नाही. बाकीच्यांच्या जागाही चुकायला लागतात.

दुसरा गोल प्रतिहल्ल्यावर. नॉर्विचचा पुक्की सिटीच्या बचाव फळीमागे निसटला आणि त्याने बाजूला धावणाऱ्या कँटवेलला चेंडू दिला. सिटीची बचाव फळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत चढते. मैदान साधारण १०५ मीटर लांब, म्हणजे पाठीमागे ५० मीटर मोकळं रान आणि एकटा गोलकीपर. इथे सेंटर बॅक किती जोरात धावतो यापेक्षा तो कधी वळतो हे जास्त महत्त्वाचं. समोरच्याने पास मारायला पाय मागे नेला, की याने दोन पावलं आधीच सरकलेलं असायला हवं. वयाबरोबर हे शहाणपण वाढतं. कमी होतं ते झटकन वळणं, आणि तीन दिवसांत पुन्हा तसंच खेळणं. म्हणून तिशी ओलांडलेला बचावपटू शांत सामन्यात पूर्वीसारखाच दिसतो आणि पळापळीच्या सामन्यात उघडा पडतो.

तिसरा गोल मला सगळ्यात बोलका वाटतो. सिटीचा सेंटर बॅक ओटामेंडी आपल्याच गोलजवळ चेंडू घेऊन उभा, नॉर्विचच्या बुएंदियाने तो काढून घेतला आणि पुक्कीने गोल केला. अंगावर येणारा माणूस ओटामेंडीला कळलाच नाही. ‘मागे माणूस आहे’ एवढं वेळेवर कानावर पडणं, हेही बचावाचं काम आहे. ते कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

[कॅमेऱ्याकडे]

आता क्लबची चूक. पोटरीच्या दुखापती कोंपनीला सतत छळत होत्या. शेवटच्या हंगामात तो लीगचे ३८ पैकी १७ सामनेच खेळला. मग वाटतं, १७ सामन्यांसाठी नवा माणूस कशाला? सिटीने त्या उन्हाळ्यात मिडफिल्डसाठी रॉड्री घेतला, बाजूचा बचावपटू कॅन्सेलो घेतला, सेंटर बॅक मात्र घेतला नाही. सेंटर बॅक मॅग्वायर ८ कोटी पौंडांना शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडे गेला.

साधं गणित करा. २०१८-१९ मध्ये सिटी सगळ्या स्पर्धा धरून ६१ सामने खेळली. दर सामन्याला दोन सेंटर बॅक, म्हणजे १२२ जागा. कोंपनी धरून चौघांत वाटल्या तर प्रत्येकी साधारण ३०, तो गेल्यावर तिघांत वाटल्या तर ४०. यात एक जरी जायबंदी झाला तर उरलेल्या दोघांवर ६१-६१! आणि ३१ ऑगस्टला त्या तिघांपैकी लापोर्तचा गुडघा गेलाच. तो डावखुरा. डाव्या बाजूच्या सेंटर बॅकला उजव्या पायाने पास द्यायचा तर चेंडू आधी आत ओढावा लागतो, त्यात क्षणभर जातो, आणि तेवढ्यात समोरचे दाबायला येतात.

मग ३४ वर्षांच्या फर्नांडिन्योला मिडफिल्डमधून मागे आणलं. तो उत्तम खेळला, पण एक भोक बुजवताना दुसरं पडलं: प्रतिहल्ला जिथे सुरू होतो, तिथेच तोडणारा माणूस कमी झाला. (लिव्हरपूलचा सेंटर बॅक व्हॅन डाइक २०२०-२१ मध्ये जायबंदी झाला तेव्हा त्यांनीही फाबिन्यो आणि हेंडरसन या मिडफिल्डरना मागे नेलं. त्याच हंगामात ते घरच्या मैदानावर लीगचे सलग सहा सामने हरले.) सिटीने आधीच्या हंगामात लीगमध्ये २३ गोल खाल्ले होते, या हंगामात ३५.

२७ सप्टेंबर २०२०ला लेस्टरने सिटीला ५-२ हरवलं, त्यात तीन पेनल्टी. दोनच दिवसांनी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा २३ वर्षांचा सेंटर बॅक रुबेन दियास आला.

दियास म्हणजे कोंपनीची नक्कल नव्हे. असा खेळाडू शोधताना टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणं, मोजण्यात अर्थ नसतो. नीट उभा राहणाऱ्याला टॅकल करायची वेळच कमी येते. दियासकडे होती ती सतत बोलण्याची सवय आणि दर आठवड्याला खेळू शकणारं शरीर. शेजारी सेंटर बॅक जॉन स्टोन्स पुन्हा उभा राहिला. शिवाय प्रशिक्षक ग्वार्डिओलाने भोवतालचं कामही बदललं: चेंडू आपल्याकडे असताना कॅन्सेलो बाजूने वर न पळता आत, रॉड्रीशेजारी यायचा. मागे तीन आणि त्यांच्यापुढे दोन. त्यामुळे ते ५० मीटरचं रान राखायची वेळच कमी आली. त्या हंगामात सगळ्या स्पर्धांत मिळून सलग २१ विजय, आणि लीगही.

रेआल माद्रिदने हेच काम आधीपासून केलं. कर्णधार आणि सेंटर बॅक सर्जिओ रामोस असतानाच, २०१९ मध्ये, २१ वर्षांचा सेंटर बॅक मिलिताव ५ कोटी युरोंना घेतला आणि दोन वर्षं मुरू दिला. २०२१ मध्ये रामोस गेला, त्याचा जोडीदार वरानही गेला. डावखुरा अलाबा फुकट मिळाला. रामोसच्या पेनल्टी बेंझेमाकडे, कर्णधारपद मार्सेलोकडे. एका माणसाचं काम चौघांत वाटलं गेलं, आणि २०२२ मध्ये ला लीगा आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही आल्या.

आता नजर व्हॅन डाइकवर. जुलै २०२५ मध्ये तो ३४ वर्षांचा झाला. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने इटलीतल्या पार्मा क्लबचा १८ वर्षांचा सेंटर बॅक लेओनी घेतला. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. क्रिस्टल पॅलेसच्या सेंटर बॅक गेहीचा व्यवहार खरेदीच्या शेवटच्या दिवशी फिसकटला होता. उरले तीन सेंटर बॅक. तो हंगाम बघताना चेंडूवरून नजर काढा आणि फळी वर चढताना इतरांना इशारा करायला हात कोण उंचावतं तेवढं बघा. व्हॅन डाइक मैदानावर नसतानाच्या सामन्यात तर नक्की.