मास्कच्या बाहेरचा माणूस

[दृश्य: पाण्याची उथळ टाकी. वाफ. पांढरी जाळी पाण्यात उतरते.]

पाणी साधारण ७० अंशांवर आहे. त्यात सोडलेली ही जाळीदार शीट थर्मोप्लास्टिकची, म्हणजे गरम केलं की मऊ होणाऱ्या प्लास्टिकची. मेंदूला रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून हिचा मास्क बनतो. आत्ता पांढरी आणि कडक. थोडं बघत राहा. कडांपासून तिचा पांढरेपणा उतरत जातो, ती आरपार दिसायला लागते आणि बाहेर काढली की ओल्या कापडासारखी लोंबते. तंत्रज्ञाच्या हातात आता फार वेळ नाही. टॉवेलवर पाणी टिपायचं आणि ती पुन्हा घट्ट व्हायच्या आत चेहऱ्यावर ओढायची.

चेहरा बाबांचा. नाव सांगायचं नाही, या अटीवर त्यांनी कॅमेरा आत येऊ दिला. आजार मूळचा फुप्फुसातला, मेंदूत पोचला तो नंतर. मोठ्या माणसांच्या मेंदूत आढळणाऱ्या कर्करोगाच्या गाठींपैकी बऱ्याचशा अशाच दुसरीकडून आलेल्या असतात. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, त्वचेचा मेलानोमा, अशा ठिकाणाहून सुटलेल्या पेशी रक्तातून फिरत मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तिथे वाढतात. गाठ मेंदूत असली तरी आजार फुप्फुसाचाच राहतो.

डावीकडे उभी आहे ती त्यांची मुलगी. मास्क बनवताना तिला आत थांबायचं होतं, आणि इथल्या टीमनं थांबू दिलं. त्यासाठी वेगळं यंत्र लागलं नाही, जास्तीचा माणूस लागला नाही. एक स्टूल लागलं.

[दृश्य: दोन तंत्रज्ञ, दोन्ही बाजूंनी.]

दोघं एकाच वेळी ओढतात. चौकट डोक्याखालच्या फळीत बसते. खट्. मग एक जण बोटांनी दाबत जातो: नाकाचा दांडा, भुवयांच्या खालची खोबण, हनुवटी. जितका नेमका दाब, तितकं डोकं रोज त्याच जागी, मिलिमीटरच्या हिशेबात. खुणा करायच्या त्या या जाळीवर करतात, चेहऱ्यावर नाही. आणि एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे कवळी ठेवायची की काढायची. जे आज केलं तेच शेवटच्या दिवसापर्यंत.

आता काही मिनिटं कुणी काही करायचं नाही. शीट गार होते, किंचित आकसते. बाबांचे डोळे मिटलेले आहेत. हनुवटी अडकल्यामुळे नीट बोलता येत नाही. श्वास जाळीच्या भोकांतून व्यवस्थित चालतो, पण ते माहीत असणं वेगळं आणि आत पडून राहणं वेगळं. त्रास वाटला तर हात वर करायचा, असं ठरलं आहे. मुलीनं एक हात त्यांच्या पायावर ठेवला आहे.

[निवेदन नाही. खोलीतला मूळ आवाज.]

मास्क तसाच ठेवून सीटी स्कॅन होतो. तो इथे, या पडद्यावर, आधीच्या एमआरआयवर बसवला जातो. एमआरआयमध्ये गाठी स्पष्ट दिसतात, सीटीवरून किरणांचं गणित होतं. डॉक्टर कडा आखतात, डोस ठरवतात. मेडिकल फिजिसिस्ट तो डोस कुठून कसा पोचवायचा ते बसवतात.

वाटा मुख्यतः दोन. गाठी थोड्या आणि लहान असतील तर फक्त त्यांच्यावर, अनेक दिशांनी बारीक झोत. आजूबाजूच्या भागाला कमी, गाठीला भरपूर. या कल्पनेला रेडिओसर्जरी हे नाव १९५१ साली स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी दिलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचं गामा नाइफ यंत्र आलं. नावात सुरी असली तरी त्यात पातं नाही, कोबाल्टच्या अनेक स्रोतांमधून निघणारे किरण एका बिंदूवर आणून सोडलेले. तेव्हा डोकं धरून ठेवायला कवटीला स्क्रूनं लावलेली चौकट असायची. काही उपचारांत आजही असते. आपण पाहिलेला मास्क म्हणजे स्क्रूशिवाय तेच काम.

गाठी पुष्कळ आणि विखुरलेल्या असतील तर दुसरी वाट, पूर्ण मेंदूला रेडिएशन. बाबांचं तेच ठरलं. १० सिटिंग, एकूण ३० ग्रे. ग्रे हे किरणांच्या डोसचं माप. सोमवार ते शुक्रवार, दोन आठवडे.

[दृश्य: जाड दार सरकतं. कंट्रोल रूममधले मॉनिटर.]

यापुढे आत कुणालाच थांबता येत नाही, मुलीलाही नाही. म्हणून इथून पुढचं सगळं या छोट्या पडद्यावरून. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरचं, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्राचं, डोकं फिरतंय. काही दुखत नाही. काहींना मिटल्या डोळ्यांआड निळसर प्रकाश दिसतो, काहींना क्षणभर विचित्र वास येतो; हे आधी सांगितलेलं असलं की माणूस दचकत नाही. छताला कुणी तरी आभाळाचं सुंदर चित्र लावलंय. मास्कखाली पापण्या मिटलेल्या असतात, त्यामुळे ते चित्र बहुधा आमच्या कॅमेऱ्यानंच पाहिलं.

इंटरकॉमवर मुलीचा आवाज जाऊ शकतो. आज तो गेला. "बाबा, अर्धं झालं."

[दृश्य: बाहेरचा बाक. वही.]

ही वही तिला कुणी करायला सांगितली नव्हती. जवळून बघा. स्टेरॉइडची गोळी किती वाजता. रात्री झोप किती. उलटी झाली का. साखर. आणि शेवटच्या रकान्यात, आज बाबांना कोणता शब्द आठवला नाही.

डॉक्टर दर तपासणीत विचारतात, कसं वाटतंय? बाबांचं उत्तर ठरलेलं आहे. बरं आहे. मग वही पुढे येते आणि खरी तपासणी सुरू होते.

मेंदूतल्या गाठीभोवती सूज असते. डोकेदुखी, उलटी, पाय ओढत चालणं, यातलं बरंचसं त्या सुजेमुळे. ती उतरवायला डेक्सामेथासोन देतात, वहीतली स्टेरॉइडची गोळी ती हीच. औषध झटपट गुण देतं आणि बदल्यात बरंच काही मागतं. भूक वाढते, साखर चढते, तोंडात पांढरा थर येतो, मांड्यांतली ताकद जाते, चिडचिड होते. बाबा रात्री तीन वाजता कपाट आवरत होते, ते वहीत आहे. मुलीला वाटलं, आजारानं डोकं फिरलं. शेवटची गोळी संध्याकाळी उशिरा जात होती, एवढंच होतं. डॉक्टरांनी डोस सकाळ-दुपारवर आणला. या गोळ्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात, हेही वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे.

आणखी एक नोंद. "मास्क घट्ट होतोय म्हणाले. गालावर जाळीचे वळ." स्टेरॉइडनं चेहरा सुजतो, साचा मात्र पहिल्या दिवसाचाच राहतो. बाबा हे तंत्रज्ञांना स्वतःहून सांगत नव्हते, कुणाला त्रास नको म्हणून. सांगितल्यावर मास्क तपासून नीट करून देण्यात आला. असा साचा गरज पडल्यास नवाही बनवता येतो.

तपासणीच्या खोलीत खुर्च्या दोन असायला हव्यात, एवढं साधं हे आहे. किती ठिकाणी सोबतच्या माणसाला फक्त फाइल धरायला आणि बिल भरायला बोलावतात.

[दृश्य: घर. नातू बाबांच्या मांडीवर.]

हे चालतं. किरणं बाहेरून येतात आणि यंत्र बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही.

केस दोन-तीन आठवड्यांत गळतात. थकवा उपचार संपल्यावर वाढू शकतो, दिवस दिवस झोपही येते. स्मरणशक्तीला धक्का बसू शकतो. तो कमी व्हावा म्हणून काही रुग्णांना मेमँटीन हे औषध देतात, शक्य असेल तिथे हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, वाचवून किरण देतात. आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या क्वार्ट्झ चाचणीत, शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरी शक्य नसलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ५३८ रुग्णांमध्ये, पूर्ण मेंदूच्या रेडिएशननं आयुष्य लक्षणीय वाढलं नाही. "नको" हेही विचारपूर्वक दिलेलं उत्तर असू शकतं. बाबांनी विचारलं होतं, मग हो म्हटलं.

[दृश्य: शेवटचं सिटिंग. मास्क निघतो. निवेदन नाही.]

मास्क घरी न्यायचा का, असं तंत्रज्ञ विचारतात. काही जण नेतात. बाबांनी नेला नाही.

वहीत नवं पान आखलं गेलं आहे. गोळी टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या तारखा. दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. आणि लगेच फोन करायची कारणं, मोठ्या अक्षरांत, म्हणजे घरात त्या वेळी जो कुणी असेल त्याला वाचता येतील: वाढती डोकेदुखी, सततच्या उलट्या, फिट, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, हाक मारूनही न उतरणारी गुंगी. खाली वॉर्डचा नंबर, रात्रीचा वेगळा.