मागून येणारा

(बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं काटछाट करून.)

मंडळी, विषय दिलाय 'सोशल मीडिया आणि व्यायाम'. मी तासभर मोबाइलला शिव्या घालाव्यात अशी संयोजकांची अपेक्षा असणार. अठ्ठावीस वर्षं शिट्टी फुंकलेला ड्रिल मास्तर दुसरं काय बोलणार! पण अडचण अशी, की मी रोज पावणेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जातो ते एका व्हॉट्सॲप ग्रुपमुळं. त्यामुळं शिव्या जरा मोजूनच घालतो.

ग्रुपवर आम्ही तेवीस जण. फिरून झालं की ज्यानं त्यानं किती फेऱ्या झाल्या ते टाकायचं. मध्ये गुडघा दुखत होता म्हणून मी तीन दिवस गेलो नाही. आमच्यात एक भुसारी दुकानदार आहेत, वजन शंभरच्या घरात. तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज: "सर, दिसला न्हाईसा? मी आज अडीच फेऱ्या मारलो." चौथ्या दिवशी मी मैदानावर हजर. काळजीनं विचारलं म्हणून नव्हे हो. माझ्या चार होतात आणि हा माणूस महिन्याभरात एकावरून अडीचवर आला, हे डोक्यात बसलं!

हा माझाच कोतेपणा असं वाटायचं. मग सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलायडिस या संशोधकांचा २०१७ चा अभ्यास वाचनात आला. सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी, सगळ्या धावणं मोजणाऱ्या यंत्रांतून आलेल्या. त्यांची युक्ती मला फार आवडली. मित्र धावतो म्हणून मी धावतो, की मुळात धावणारेच एकमेकांचे मित्र होतात, हे ओळखायचं कसं? त्यांनी पावसाला साक्षीला बोलावलं. एका गावात पाऊस, तिथला गडी घरी बसला. दुसऱ्या गावात स्वच्छ ऊन, तिथला त्याचा मित्र त्या दिवशी किती धावला? हिशेब असा निघाला, की मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर आपण साधारण ०.३ किलोमीटर जास्त धावतो. (जुलैतल्या बेळगावात हे गणित बसलं नसतं, इथं सगळेच छत्रीखाली.) आणि खरी गंमत पुढं आहे. कमी धावणारा जास्त धावणाऱ्याला जितका पळवतो, तितका जास्तवाला कमीवाल्याला पळवत नाही.

तालमीत हे कुणाला शिकवावं लागलं नाही. आमच्या लहानपणी व्यायामाला व्यायाम म्हणत नसत, 'मेहनत' म्हणत. कानडी पोरं तालमीला गरडी म्हणायची, पण हौद्यातली माती एकच: तांबडी, तेल-ताक-हळद घालून मळलेली. वस्ताद कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले असत. बैठक अर्धी मारली की पुरी, ते त्यांना श्वासावरून कळायचं. जोर मारताना शेजारच्या थोराकडं कुणी बघत नसे. त्याचे पाचशे होणार हे ठरलेलंच. लक्ष असायचं ते परवा लंगोट बांधायला शिकलेल्या पोरावर. त्यानं साठ काढले की आपले शंभर मनाला लागायचे.

दाखवायची हौस तेव्हा नव्हती असं मात्र कुणी सांगू नका. शड्डू काय एकांतात ठोकतात? येळ्ळूरच्या मैदानात मांडीवर थाप पडायची ती बांधावर बसलेल्या बाईमाणसालाही ऐकू जावी म्हणूनच. फक्त बघणारा पाव्हणा असो की भाऊबंद, तो आपल्या हाडामासाचा असायचा. आपण काय खातो, किती वाजता उठतो, त्याला ठाऊक.

रीलमधला माणूस मात्र कुठनं आला, कुणाला माहीत नाही. त्याचं पोट सपाट, दिवाणखाना पांढराशुभ्र, उजेड कुठून पडतो तेही कळत नाही. माझी भाची असली चित्रं बघून म्हणायची, "मामा, बघितलं की हुरूप येतोय." हुरूप खरा होता, पण तो पलंगावरच मावळायचा. मारिका टिगमन आणि मिया झकार्डो यांनी ऑस्ट्रेलियात कॉलेजच्या मुलींना असली व्यायामाची प्रेरणाचित्रं दाखवून पाहिली. त्यांचा लेख २०१५ चा. मुलींना चित्रं प्रेरक वाटली, आणि पाहून झाल्यावर मन खट्टू झालं, आपलं शरीर नकोसं वाटलं. दोन्ही एकाच वेळी. माझी भाची डोळ्यांपुढं उभी राहिली.

पुतण्याची गोष्ट उलटी. राजहंसगडावर २०२३ मध्ये शिवरायांचा पुतळा बसल्यापासून रविवारी तिथं पोरांची गर्दी. हा पायऱ्या धावत चढतानाचं रील करत होता. एकदा टोपी उडाली, एकदा मागून कुणाचीतरी आजी चित्रात आली. अकरा वेळा चढला. मी मोजत होतो. माझ्या तासाला असा कधी पळाला नव्हता! म्हटलं, चला, लबाडीनं का होईना घाम निघाला. पुढच्या रविवारी विचारलं, तर म्हणाला, "काका, गड झाला की आता." चित्र काढून झालं होतं, गड संपला होता.

आता एक खटकणारी गोष्ट. पेन्सिल्वेनिया विद्यापीठात ७९० जणांवर ११ आठवड्यांचा प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला. काहींना व्यायामाच्या वर्गातली एकमेकांची हजेरी ऑनलाइन क्रमवारीनं दिसायची, काहींचा गट 'शाब्बास, चालू दे' म्हणणारा, काही एकटे. क्रमवारीवाले एकट्यांपेक्षा जवळपास दुपटीनं वर्गाला आले. शाब्बासकीवाले एकट्यांपेक्षाही कमी! मला हे पटायला वेळ लागला. आमच्या ग्रुपवर फुलं आणि अंगठे पाठवणारे आठ जण आहेत, ते मैदानावर दिसत नाहीत. ते आले नाहीत म्हणून बाकीच्यांनाही न येण्याची मुभा मिळते. मग मागं असणारा आपल्याला पळवतो म्हणावं की बसवतो? माझ्यापुरतं मी असं लावलंय, की मागं बसलेला वेगळा आणि मागून येणारा वेगळा. अंगठ्यावरनं हा फरक कळत नाही, फेऱ्यांच्या आकड्यावरनं कळतो.

परवा आमच्या भुसारी शेटजींनी चार फेऱ्या टाकल्या. खाली कुणीतरी लगेच मिठाई म्हणून कुंद्याचा डबा मागितला. मी काल सव्वाचार मारल्या. गुडघा बोलतोय. प्रश्न असतील तर पटापट विचारा, मला साडेनऊला झोपायचंय.