इंधन शिल्लक असेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशात पेटते गोळे सरकताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. बहुधा ते एका चिनी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं होतं. सुदैवानं कुणाला लागलं नाही. पण खाली आला तो कचरा संपला. जास्त काळजी वर अवकाशात राहिलेल्या कचऱ्याची आहे.

तीनशे किलोमीटर उंचीवरचा तुकडा विरळ हवेला घासत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो. आठशेवर हवा जवळजवळ नाहीच; तिथे तो शंभर वर्षंही फिरत राहतो, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं. 10 फेब्रुवारी 2009 रोजी सैबेरियावर, 789 किलोमीटर उंचीवर, चालू असलेला इरिडियम 33 आणि बंद पडलेला कॉसमॉस 2251 हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. माग काढता येतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. टक्कर न होताही तुकडे होतात. डिसेंबर 2001 मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी3 रॉकेटचा वरचा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर फुटला, तीनशेहून जास्त तुकडे झाले. म्हणून आता काम झालं की टाक्यांतलं उरलेलं इंधन बाहेर सोडतात. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

मेलेला उपग्रह पकडणं फार अवघड. तो गिरक्या घेत असतो, धरायला मूठ नसते, आणि चुकीच्या जागी धक्का लागला तर नवे तुकडे. जाळं 2018 मध्ये आणि भाला 2019 मध्ये कक्षेत वापरून पाहिले, पण तेही मुद्दाम सोबत नेलेल्या लक्ष्यांवर.

त्यापेक्षा उपग्रह आज्ञा ऐकतोय तोवरच त्याला उतरवावं. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स-1 घ्या. वजन हजार किलो, उंची सुमारे 867 किलोमीटर, टाकीत शिल्लक इंधन सुमारे 125 किलो. तसाच सोडला असता तर शंभर वर्षांहून जास्त काळ वर राहिला असता. ऑगस्ट 2022 पासून इस्रोनं गतीच्या उलट दिशेनं थ्रस्टर, म्हणजे उपग्रहावरची छोटी इंजिनं, पुन्हा पुन्हा चालवून कक्षा टप्प्याटप्प्यानं खाली आणली. अडचण शेवटाला होती: मुळात असं उतरवण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता, आणि खालच्या उंचीवर हवेचा रेटा त्याचं तोंड फिरवायला बघतो. तोंड फिरलं की थ्रस्टरचा जोर भलतीकडे जाणार आणि पडण्याची जागा चुकणार.

7 मार्च 2023, धुळवडीचा दिवस. दुपारी 4 वाजून 32 मिनिटांनी आणि पुन्हा संध्याकाळी 6 वाजून 21 मिनिटांनी 11 न्यूटनचे चार थ्रस्टर प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं चालले. कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू ऐंशी किलोमीटरच्या आत आला, आणि मेघा-ट्रॉपिक्स प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागावर जळून विखुरला.