बहात्तरचा दुष्काळ आणि सर्चबॉक्स

[दृश्य: लायब्ररीतला कॉम्प्युटर, कर्सर लुकलुकतोय]

संध्याकाळचे सात वाजलेत, लायब्ररीत पंख्याची घरघर सोडली तर शांतता, आणि तिसऱ्या कॉम्प्युटरवर ही जी मुलगी बसलीय ना, तिचा पीएचडीचा विषय आहे बहात्तरचा दुष्काळ. सिनॉप्सिस द्यायचाय, गाईड मागे लागलेत. ती संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये टाइप करते, 'महाराष्ट्र', 'फॅमिन', '१९७२'. रिझल्ट भरपूर, पण त्यात १९४३ चा बंगालच जास्त, आपल्याकडचं हाताला लागतं ते थोडंच.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात १९६३ साली चक्क कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला होता. म्हणजे विहिरी आटल्या, जनावरं विकली, लोक खडी फोडायला गेले, तरी कागदावर आपलं 'स्केअर्सिटी'. टंचाई. मग तेव्हाच्या लेखांमध्येही ठिकठिकाणी तोच शब्द, आणि साधा कीवर्ड सर्च बिचारा नुसती अक्षरं जुळवतो, त्याला हे कुठून कळणार?

[दृश्य: पानाच्या कडेला असिस्टंटचं बटण]

ती एआय असिस्टंटचं बटण दाबते. अशी बटणं आता बऱ्याच डेटाबेसमध्ये दिसतात, जेस्टोरनं २०२३ मध्ये बीटा, म्हणजे चाचणीपुरतं, आणलं, स्कोपस एआय जानेवारी २०२४ मध्ये आलं. हिच्यासमोर कुठला उघडलाय ते सांगत नाही, कारण खोट काढायचीय थोडी. तर ती सरळ वाक्य लिहिते, बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात लोकांना काम कसं दिलं गेलं? असिस्टंट अक्षरांवर न थांबता अर्थाच्या जवळचे लेख शोधतो, त्यातले मोजके घेतो आणि त्यांच्यावरून उत्तर रचतो, शेजारी लेखांचे नंबर. आणि पहिल्याच ओळीत 'स्केअर्सिटी रिलीफ'! हा शब्द मिळाला तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली, वहीत लिहून घेतला, पुन्हा जुन्या सर्चबॉक्समध्ये टाकला, आणि पाझर तलाव, नालाबंडिंग, रोजगार हमी, सगळं धडाधड यायला लागलं.

माझं मत विचाराल तर या यंत्राचा खरा उपयोग इथेच आहे, आपला शब्द देऊन त्या काळाचा शब्द काढून घेणं. उत्तराचं म्हणाल तर...

[दृश्य: स्क्रीनवरची एक ओळ, अगदी जवळून]

ही ओळ वाचा. 'दुष्काळात सुमारे ५० लाख लोकांना काम मिळालं.' खाली नंबर दिलेला, भाषा सफाईदार, कॉपी करावं असंच वाटतं. तिनं नंबरवर क्लिक केलं, लेख उघडला, स्कॅन केलेलं जुनं पान, थोडं तिरकं. आकडा आहे, बनवलेला नाही. पण तो मे १९७३ चा आहे, कामांवर सगळ्यात जास्त गर्दी होती त्या महिन्याचा. असिस्टंटनं महिना गाळला आणि शिखर सपाट करून टाकलं. व्हायव्हात कुणी विचारलं असतं तर?

अजून एक. काही असिस्टंट पूर्ण लेख न वाचता ॲब्स्ट्रॅक्टवरूनच, म्हणजे लेखाच्या सुरुवातीच्या सारांशावरूनच, उत्तर देतात, आणि सत्तरच्या दशकातल्या कितीतरी लेखांना ॲब्स्ट्रॅक्टच नसतो. त्या दुष्काळाबद्दल इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत तेव्हाच, ताजं ताजं लिहिलं जात होतं, पण अशा असिस्टंटला नंतरचे, ॲब्स्ट्रॅक्टवाले लेख आधी सापडणार. म्हणजे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते मागे, ज्यांनी त्यांचं वाचून लिहिलं ते पुढे.

मग तिनं सहज विचारलं, सुकडी म्हणजे काय? देवनागरीत. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीला विचारा, कामावर खायला मिळायची ती सुकडी आणि रेशनवरची ती लाल ज्वारी, मिलो, चव अजून सांगतील. असिस्टंट म्हणाला, पुरेसे स्रोत सापडले नाहीत. खोटं नाही बोलला, हे बरं केलं. त्याच्या गोदामात मराठी जवळपास नाहीच, तो तरी काय करणार. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, मराठीतले प्रबंध आहेत, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी आहे, तिनं दोन्ही नावं समासात लिहून ठेवली.

पावणेआठ. शिपाईमामा दिवे घालवायला लागलेत. ती तिरक्या पानाची पीडीएफ डाउनलोड करते, फाइलला नाव देते, 'मे ७३, फक्त मे'.