उचल, शपथ आणि पालखी

श्रोतेहो, नमस्कार.

भातलावणी आटोपली की आपल्या कोकणातल्या कातकरवाड्यांमध्ये हाताला काम उरत नाही. नेमका तेव्हाच मुकादम येतो. कुणाकडे आजारपण असतं, कुणाकडे लग्न. तो हातावर उचल ठेवतो आणि दिवाळी झाली की टेम्पो दारात लावतो. अख्खं कुटुंब पोराबाळांसकट वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातं.

तिथला हिशोब नीट ऐका. मजुरी हजार विटांमागे ठरते. दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते आणि ती उचलीत धरली जाते. वही शेठकडे. पोर तापलं म्हणून खाडा पडला, तो मजुराच्या नावावर. अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या, तेही नुकसान त्याच्याच नावावर. मृगाच्या तोंडावर शेठ वही उघडून म्हणतो, "अजून तुझ्याच अंगावर बाकी आहे." मग पुढच्या हंगामासाठी पुन्हा अंगठा. सगळेच भट्टीवाले असे नसतात, पण जिथे असं चालतं तिथे त्याला वेठबिगारीच म्हणायचं.

वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे. असं कर्ज त्या कायद्याने तेव्हाच रद्द केलं, ते फेडायचं नसतं. तरी माणूस भट्टी सोडून निघत नाही. माराची भीती असतेच. पण त्याहून खोल काही त्याला धरून ठेवतं. "घेतलंय ते फेडायला पाहिजे, देव बघतोय." हा त्याचा प्रामाणिकपणा आहे, आणि त्याच्याच जिवावर दुसऱ्याचा धंदा चालतो. म्हणून मला मनापासून वाटतं की या कामात पोलीस आणि तहसीलदार पुरे पडणार नाहीत. "बाबा, हे तुझं देणं नाही, देवाच्या दारातही नाही," असं सांगणारा माणूस देवाच्याच बाजूचा लागतो.

नायजेरियात हे घडलेलं आहे. तिथल्या बेनिन शहरातून मुलींना फसवून युरोपात वेश्याव्यवसायासाठी नेत. नेण्याआधी पुजाऱ्यापुढे शपथ घालत, पैसे फिटेपर्यंत पळालीस तर कोप होईल. सुटका झालेल्या मुलीही त्या धाकाने तोंड उघडत नसत. मार्च २०१८ मध्ये तिथले पारंपरिक राजे ओबा एवारे द्वितीय यांनी पुजाऱ्यांना बोलावून त्या सगळ्या शपथा जाहीरपणे मोडीत काढल्या, आणि यापुढे अशी शपथ घालील त्यालाच शाप दिला. गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणणाऱ्या आपल्या माणसांना त्या शब्दाचं वजन वेगळं समजावून सांगायला नको.

इतर धर्मांतही ही वाट आहे. २ डिसेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासोबत निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांनी गुलामगिरी संपवण्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात आपल्याकडच्या माता अमृतानंदमयीही होत्या. कुराणात सूरह तौबामध्ये जकातीचे आठ वाटेकरी सांगितले आहेत, त्यात दास्यातल्या माणसांच्या सुटकेसाठी द्यायचा वाटा आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांतली मुलं आखातात कामाला आहेत! एखाद्याचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला, पगार अडकवला, तर त्याच्या सुटकेसाठी जमातीने रमजानमध्ये तो वाटा बाजूला ठेवावा, असं मी कळकळीने सुचवते.

पण देवाच्या नावाने माणूस बांधलाही गेला आहे. याच किनाऱ्यावर देवळांना भाविणी वाहिल्या जात, आणि त्या बायांचं आयुष्य दुसऱ्यांच्या मर्जीवर जाई. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. त्या समाजातली माणसं स्वतः उभी राहिली म्हणून ती प्रथा मागे हटली. देवस्थानांनी याची आठवण ठेवून आज पुढे यायला हवं.

कसं यायचं? शिमग्याला पालखी घरोघर फिरते. त्याआधी मानकऱ्यांची बैठक बसते, नारळ कुणाचा, ढोल कुणाचा हे ठरतं. त्याच बैठकीत विचारा: कातकरवाडीतली कोणती घरं बंद आहेत? कुठल्या भट्टीवर गेलीत, मुकादम कोण, शिमग्याला तरी घरी सोडतोय का? सोडत नसेल तर प्रांतसाहेबांकडे लेखी कळवा. मजुराच्या वतीने दुसऱ्याने कळवलं तरी चालतं. चौकशीत वेठबिगारी ठरली तर मुक्ततेचा दाखला मिळतो. तो जपून ठेवायला सांगा, पुनर्वसनाच्या मदतीसाठी तोच लागतो. भट्टीवर मूल राबताना दिसलं तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. आणि पालखी त्या वाडीपर्यंत जात नसेल, तर यंदा न्या.

नमस्कार.