माळ्यावरचा वॉकर

ही खोली पूर्वी कापूस भरून ठेवण्यासाठी वापरली जात असे. आता तिच्या भिंतीला टेकून चार वॉकर, दोन चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या तीन खुर्च्या आणि गुंडाळलेली एक हवेची गादी ठेवलेली आहे. मधली जागा मोकळी दिसते, कारण डोक्याची बाजू वर-खाली करता येणारे आमचे दोन्ही लोखंडी पलंग सध्या गावातील दोन घरांत आहेत. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर, वर्धा नदीच्या काठाजवळ वसलेल्या आमच्या गावात रुग्णसाहित्य देणारे हे मंडळ काही शेतकरी, दोन शिक्षक, आशाताई आणि किराणा दुकान चालवणाऱ्या एक बाई मिळून चालवतात. मीही त्यांच्यापैकी एक आहे.

सुरुवात माझ्या आत्याच्या मोडलेल्या खुब्यापासून झाली. ऐन पेरणीच्या दिवसांत ती अंगणात घसरून पडली, शस्त्रक्रिया झाली आणि तिला घरी आणून सुतळीच्या बाजेवर झोपवले. बाज मध्यभागी खोलगट होते, माणसाला कूस बदलता येत नाही, आणि घरातील सगळे वावरात असल्यामुळे कूस बदलून देणारेही दिवसभर कोणी नसते. तीन आठवड्यांत तिच्या पाठीला शय्याव्रण, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, झाले. त्याच सुमारास शेजारच्या घरी माळ्यावर एक वॉकर आम्हाला दिसला; त्या घरातील आजोबा गेल्यापासून तो तसाच पडून होता. गावोगाव माळ्यांवर अशा वस्तू धूळ खात असतात, आणि दोन घरे पलीकडे त्यांच्यावाचून कोणीतरी अंथरुणाला खिळलेले असते.

पहिली दोन वर्षे आम्ही नोंदणी केली नाही, आणि ते योग्यच झाले असे मी आजही मानतो. एका दोनशे पानी वहीत वस्तू कोणाकडून आली, कोणाकडे गेली, कधी आणि कोणत्या अवस्थेत परत आली, एवढेच लिहिले जाई. सलग दोन वर्षे एक वही प्रामाणिकपणे लिहिणे ज्यांना जमत नाही, त्यांनी सरकारी कार्यालयाची पायरी चढण्याची घाई करू नये. याच काळात वर्गणीलाही हंगाम असतो, हे आम्ही शिकलो. जूनमध्ये बियाण्यांसाठी आणि खतांसाठीच घरात पैसा पुरत नाही. कापूस विकला गेल्यानंतर, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, तोच माणूस आपणहून विचारतो. ज्याच्याजवळ रोकड नसेल त्याच्याकडून आम्ही तूर घेतो आणि वजन व त्या दिवसाचा भाव लिहून पावती देतो. ही रीत आमची नव्हे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्यविम्याची योजना चालवली, तेव्हा कुटुंबांची वर्गणी ज्वारीच्या रूपात घेतली होती.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. पलंग नेणाऱ्या घराकडून घेतलेली अनामत आम्ही पहिल्या वर्षी जमेत धरली आणि तिच्यातून हवेची गादी विकत घेतली. पलंग परत आला तेव्हा अनामत देण्यासाठी हातात काहीच नव्हते, आणि ज्या घरातील माणूस दहा दिवसांपूर्वी गेले होते, त्या घराला आम्ही थांबायला सांगितले. त्या दिवशी त्या माणसांच्या चेहऱ्याकडे मला बघवले नाही. अनामत हे मंडळाचे देणे आहे, उत्पन्न नव्हे. तेव्हापासून तिचे पान वेगळे आहे आणि तिला कोणत्याही कारणाने हात लावला जात नाही. ज्यांना अनामत देणे शक्य नसते, त्यांच्याकडून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या जातात.

नोंदणीची प्रक्रिया ऐकायला वाटते तेवढी अवघड नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही करावी लागते. दोन्हींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या धर्मादाय कार्यालयातच जावे लागते. सातही जण एकाच घराण्यातील किंवा एकाच मोहल्ल्यातील घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ज्या वस्तीचे कोणीच समितीत नसते त्या वस्तीतील रुग्ण वॉकर मागायला येत नाही. दात्याला आयकरात सवलत मिळावी यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत गावात बरेच गैरसमज आहेत: भारतीय नागरिक असलेल्या मुलाने तिकडच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही, परंतु त्याने नागरिकत्व बदलले असेल तर ती ठरते आणि २०१० च्या परकीय योगदान कायद्यानुसार केंद्राची मान्यता घेतल्यावाचून स्वीकारता येत नाही.

खेड्यातील संस्था मरतात त्या नोंदणी झाल्यानंतर. धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत, जिला परिशिष्ट एक म्हणतात, संस्थेच्या विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता लिहिलेली असते. शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही, कारण परिशिष्ट एक म्हणजे संस्थेचा सातबाराच होय. बाप गेल्यावर वारसांनी फेरफार केला नाही, तर सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचे नाव राहते आणि बँक पीककर्जासाठी दारात उभे करत नाही. संस्थेचा फेरफार म्हणजे बदल अर्ज. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तो द्यावा लागतो, आणि त्यासोबत सभेची सूचना, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रे जोडावी लागतात.

आमचे पहिले अध्यक्ष वारले आणि त्याच वर्षी सचिव नोकरीसाठी पुण्याला गेले. नवी माणसे आम्ही पारावर बसून एकमताने निवडली, त्यांना हार घातले, आणि कागद मात्र चार वर्षे केला नाही. खात्यावर तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालत असत. त्या तिघांपैकी एक स्वर्गवासी आणि एक पुणेकर झाला होता. बँकेने परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागितला, त्यावर जुनीच नावे निघाली आणि व्यवहार थांबला. दोष आमचाच होता. विलंब माफीच्या अर्जासह बदल अर्ज देऊन नोंद होईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात एका पलंगाची मोडलेली कळ दुरुस्त करण्यासाठी आमच्याजवळ स्वतःचे दीडशे रुपयेही नव्हते, पैसे खात्यात असूनही नव्हते. आता निवड झाली की इतिवृत्त पुस्तकाच्या पहिल्या पानावर नव्वदाव्या दिवसाची तारीख लाल शाईने लिहिली जाते.

निर्णय कसे घ्यावेत, याबाबत आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडून शिकलो. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि एखादा विषय आधी अभ्यासगटात बसून समजून घेतला जातो. पलंग आधी कोणाला द्यावा हा प्रश्न हात वर करून सोडवता येत नाही, कारण मोठ्या भावकीच्या रुग्णाला नेहमीच जास्त हात मिळतील. म्हणून आशाताई दोन्ही घरी जाऊन रुग्णाची पाठ पाहून येतात, त्यांनी पाहिलेले सभेत सांगतात, आणि ज्याची बाजू मागे पडते तोही होकार देईपर्यंत आम्ही उठत नाही. यात कधी रात्र होते.

३१ मार्चला वर्ष बंद होते आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण पूर्ण करून हिशेब धर्मादाय कार्यालयाला सादर होतो. पण त्याआधी तो हनुमान मंदिराच्या पारावर मोठ्याने वाचला जातो. मागच्या वाचनात पाचव्या ओळीवर एका आजींनी थांबवले: “अनामतीचे पैसे कोनाच्या खात्यात हायेत, ते आधी वाचा ना बापू.” त्या त्याच घरातील होत्या, ज्यांना आम्ही एकदा थांबायला सांगितले होते. ते पान वाचले गेले, आकडा पासबुकाशी जुळवून दाखवला गेला, आणि त्यानंतरच पुढची ओळ वाचली गेली.

सध्या पलंगासाठी तीन घरे थांबलेली आहेत. काळ्या मातीत पावसाळ्यात चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाके रुततात, म्हणून मोठ्या चाकांची एक खुर्ची घेण्याचा विषय पुढच्या सभेपुढे आहे, आणि ती सभा कापूस बाजारात गेल्यावर बोलावली जाईल.